स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या कंपनीत दिवस कसा जातो

परवा सकाळी सव्वानऊला मी चाकणच्या आमच्या कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये, एका सुपरवायझरच्या ड्रॉवरसमोर उभी होते. ड्रॉवरमध्ये कॉटन वेस्टच्या बोळ्यात गुंडाळलेली, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी राखाडी डबी. खाली लोहचुंबक, बाजूला बारीक हिरवा दिवा. दिवा लुकलुकत होता, म्हणजे डबी जिवंत होती. फक्त तिची जागा ४०० टनी प्रेसच्या मुख्य मोटरच्या बेअरिंगपाशी, आणि ती होती इथं, डबा-चमच्याच्या शेजारी.

"अहो मॅडम, सेफ्टी ऑडिट होतं ना. मशीनवर बिनटॅगची वस्तू दिसली की पॉइंट काढतात. म्हणून काढून नीट ठेवली," सुपरवायझर म्हणाले.

नीट ठेवली होती यात शंका नाही. नऊ दिवस. ही डबी मशीनची थरथर मोजते आणि बेअरिंग बिघडायला लागलं की आधी कळवते. ती बनवणाऱ्या स्टार्टअपच्या स्क्रीनवर ते नऊ दिवस आमचा प्रेस अगदी गुणी बाळासारखा होता. थरथर शून्य, तब्येत उत्तम.

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'कॉर्पोरेट व्हेंचर्स' असं छापलेलं आहे. त्यावरून नातेवाइकांचा समज असा, की मी काचेच्या खोलीत बसून पोरांची प्रेझेंटेशनं ऐकते आणि आवडलं की कोटीचा चेक फाडते. चेक फाडायचा योग वर्षातून दोनदा, फार तर तीनदा येतो. उरलेले दिवस असे ड्रॉवर उघडण्यात जातात. ते का, हेच सांगायचं आहे.

साधा व्हेंचर कॅपिटल फंड म्हणजे दुसऱ्यांचे पैसे गोळा करून नव्या कंपन्यांत घालणारी मंडळी. पैसे देणाऱ्यांत विमा कंपन्या असतात, श्रीमंत घराणी असतात, सरकारी निधी असतात. फंडाची मुदत साधारण दहा वर्षं. चालवणाऱ्यांना वर्षाला दोनेक टक्के फी आणि नफा झालाच तर त्यातला वीसेक टक्के वाटा, अशी जगभरची रूढ पद्धत. त्यांचं गणित सरळ असतं: आज शंभराला घेतलेला शेअर सात-आठ वर्षांनी हजाराला जावा. कुणाला जातो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटलमध्ये पैसे घालणारी स्वतःच एक चालती कंपनी असते. गाड्या, चिप, तेल-साबण, औषधं, काहीतरी बनवणारी. पैसे बहुतेक वेळा तिच्या स्वतःच्या तिजोरीतले. तिला परतावा हवाच असतो, पण त्याखेरीज अजून काहीतरी हवं असतं: आपल्या कारखान्यात उपयोगी पडेल असं तंत्र, आपला माल उचलेल असं गिऱ्हाईक, नाहीतर उद्या आपलाच धंदा गिळू शकेल अशा गोष्टीवर आजपासून नजर. आमची नोकरी या 'अजून काहीतरी'साठी असते, आणि आमच्याकडची सगळी भांडणंही त्यावरूनच होतात.

प्रकार नवा नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळा विकून गब्बर झालेल्या अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने १९१७ ते १९१९ या काळात जनरल मोटर्सचे शेअर घेतले आणि आपला वाटा २३ टक्क्यांवर नेला. ड्यूपाँ गाड्यांना लागणारा रंग आणि कापड बनवायची; जनरल मोटर्स या दोन्ही गोष्टींचं मोठं गिऱ्हाईक. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूपाँच्या विरोधात निकाल दिला. मुद्दा असा होता, की रंगाची ऑर्डर मालाच्या गुणावर मिळते आहे की शेअरच्या जोरावर. शंभर वर्षांनंतर चाकणला माझ्यापुढे हाच प्रश्न उलट्या दिशेने येतो. ज्या स्टार्टअपमध्ये आपले पैसे आहेत तिचा माल आपण घ्यायचा, तर तो चांगला आहे म्हणून, की आपलाच आहे म्हणून?

आमच्या परचेस खात्याचं उत्तर साधं असतं. घ्यायचाच नाही.

हे मी चेष्टेत म्हणत नाही, कारण अकरा वर्षं मी स्वतः परचेसला होते. स्टार्टअपला आमच्याकडून एक रुपयाची ऑर्डर हवी असेल तरी आधी व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीचा नंबर, लागतो. व्हेंडर कोडच्या फॉर्ममध्ये तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद मागितलेले असतात. डबीवाल्या कंपनीचं वय सव्वीस महिने. पुढच्या रकान्यात 'गेल्या दोन वर्षांचा नफा'. तिथं त्यांनी प्रामाणिकपणे वजा चिन्ह लिहिलं, आणि सिस्टीमने फॉर्म परत पाठवला. त्या फॉर्ममधला एक रकाना तर मीच कधीकाळी वाढवून घेतला होता, कारण एक पुरवठादार ऐन मार्चमध्ये गाशा गुंडाळून गेला होता. तेव्हा नियम चुकीचा आहे असंही म्हणवत नाही. तो पत्र्याची कॉइल पुरवणाऱ्यासाठी लिहिलेला आहे, इतकंच.

त्यातून पार पडलं की बिलाचं लफडं. आमच्याकडे पेमेंट नव्वद दिवसांनी करायची जुनी सवय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकवलं पाहिजे, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे. पण कायदा आहे म्हणून अकाउंट्स खातं घाईला आलंय असं माझ्या पाहण्यात नव्हतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नवा नियम आला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच धरायचा. त्यानंतर मात्र आमचे अकाउंट्सवाले मला फोन करून विचारायला लागले, "तुमच्या त्या पोरांचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे लघुउद्योग असल्याची नोंदणी, आहे का हो?" पंधरा वर्षांत इतकं प्रेम कुणी दाखवलं नव्हतं.

साडेतीन लाखांच्या बिलामागे मी का धावते, असं कुणी विचारलं तर स्टार्टअपचा हिशोब मांडून दाखवते. खात्यात दोन कोटी. महिन्याचा खर्च, जमा वजा जाता, चाळीस लाख. म्हणजे पाच महिने. याला त्यांच्या भाषेत 'रनवे' म्हणतात. विमान उडायच्या आत धावपट्टी संपली की खेळ खलास. नवीन गुंतवणूकदार शोधायला, कागदपत्रं व्हायला, पैसे खात्यात यायला चार-सहा महिने सहज लागतात. आणि नवा गुंतवणूकदार पहिला प्रश्न काय विचारतो? "ज्या कंपनीने तुमच्यात पैसे घातलेत, ती तुमचा माल वापरते का?" याला "हो, पायलट चालू आहे", म्हणजे अजून चाचणीच चालली आहे, हे उत्तर वर्षभर दिलं की समोरचा काय ते समजतो. आमची परचेस ऑर्डर त्यांच्या दृष्टीने आमच्या चेकपेक्षा मोलाची असते.

हे चांगलं जमलेलं उदाहरण पाहायचं तर बजाज ऑटो आणि युलूचं बघा. आकुर्डीच्या बजाजने २०१९ च्या नोव्हेंबरात बंगळुरूच्या युलूमध्ये ८० लाख डॉलर घातले. युलू भाड्याने छोट्या इलेक्ट्रिक दुचाक्या देणारी कंपनी. तिला पैसे देणारे इतर कुणी भेटलेही असते. पण भारतातल्या रस्त्यांवर टिकेल अशी गाडी बनवून देणारा कारखाना भेटणं अवघड होतं. २०२३ मध्ये बजाजने खास युलूसाठी बनवलेल्या मिरॅकल आणि डेक्स या गाड्या आल्या. शहरात जेवणाचे आणि किराण्याचे डबे पोचवणाऱ्या पोरांकडे निळी, बुटकी गाडी दिसते ती यातलीच. इथं भागीदार आणि पुरवठादार एकच आहे, आणि दोघांनाही एकमेकांकडून काय हवं ते पहिल्यापासून माहीत होतं.

असो. अकरा ते एक हा वेळ मेलचा. आठवड्याला दहा-बारा स्टार्टअप स्वतःची ओळख करून देणारी स्लाइडची फाइल पाठवतात. बहुतेकांना नाही म्हणायचं असतं आणि ते लवकर म्हणावं एवढीच त्यातली माणुसकी. "नक्की विचार करू" म्हणून तीन महिने झुलवत ठेवणं हा मोठ्या कंपन्यांचा नावाजलेला दुर्गुण आहे, आणि आम्हीही तो केलेला आहे.

स्टार्टअपवाले पहिल्या भेटीआधीच गोपनीयतेचा करार मागतात. आम्ही सहसा त्यावर सही करत नाही आणि त्यांना ते उर्मटपणाचं वाटतं. कारण असं: आमच्या आर अँड डीत, म्हणजे संशोधन खात्यात, चाळीस माणसं आहेत. त्यातली दोन कदाचित तेच करत असतील आणि मला ते ठाऊकही नसेल. उद्या आम्ही तसलं काही बाजारात आणलं, तर स्टार्टअप म्हणणार आमचं चोरलं. म्हणून पहिल्या भेटीत मी उलट सांगते, "गुपित असेल ते मला सांगूच नका. तुमचं यंत्र काय करतं ते सांगा, कसं करतं ते राहू द्या." पुढे गोष्ट सरकली की करार होतो, आणि कोणती फाइल आमच्याकडची कोणती माणसं बघणार हेही त्यात लिहिलं जातं.

ही भीती पोकळ नाही. हिरो मोटोकॉर्पने २०१६ च्या ऑक्टोबरात एथर एनर्जीमध्ये २०५ कोटी रुपये घालायचं जाहीर केलं. एथर म्हणजे तरुण मेहता आणि स्वप्निल जैन या आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या दोघांनी २०१३ मध्ये काढलेली कंपनी. त्या वेळी तिची एकही इलेक्ट्रिक स्कूटर गिऱ्हाइकाच्या हातात पडलेली नव्हती. एथरने पुढे पैसे उभारले त्या फेऱ्यांतही हिरो पैसे घालत राहिली. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तिने 'विडा' या नावाने स्वतःचीच इलेक्ट्रिक स्कूटर आणली. म्हणजे एथरची मोठी भागधारक एकाएकी एथरच्याच शोरूमसमोर दुकान मांडून बसली. बाहेरून पाहणाऱ्याला हा दगाफटका वाटेल. पण पेट्रोलच्या दुचाक्यांवर उभ्या असलेल्या कंपनीने वाऱ्याची दिशा पाहून दोन्हीकडे पैसे लावणं, हे धंद्याच्या बाजूने अगदी समजण्यासारखं आहे. २०२३ च्या डिसेंबरात तर दोघांनी आपापली फास्ट चार्जिंगची जाळी एकमेकांच्या गिऱ्हाइकांना खुली केली. २०२५ च्या मे महिन्यात एथर शेअर बाजारात नोंदली गेली; लोकांना शेअर विकले ते ३२१ रुपयांच्या भावाने. त्याआधी हिरोचा वाटा ३८ टक्क्यांच्या घरात होता. एथरचा पुढचा कारखाना आपल्याकडे, छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला ठरला आहे. भागीदार, प्रतिस्पर्धी, पुन्हा भागीदार. या नात्याला मराठीत शब्द नाही; भाऊबंदकी म्हणावं तर फारच कडू होतं.

जेवणानंतर टर्म शीट. म्हणजे पैसे कोणत्या अटींवर घालायचे याचं चार-पाच पानी टिपण. डबीवाल्यांची पुढची फेरी ठरते आहे. आकडे सोपे करून सांगते. नवे पैसे यायच्या आधी कंपनीची किंमत ९० कोटी धरली. फेरी ३० कोटींची. पैसे आल्यावर किंमत १२० कोटी. आम्ही त्यात ६ कोटी घातले तर आमचा वाटा ५ टक्के. पुढच्या वर्षी आणखी कुणी येऊन कंपनीचा २० टक्के हिस्सा घेतला, तर आमचे ५ टक्के आकसून ४ होतात. यात कुणी फसवलेलं नसतं. पोळीचे तुकडे वाढतात, आणि पोळीही मोठी होईल अशी आशा असते.

गंमत आकड्यांत नसते, ती अटींत असते. आमचे लीगलचे साहेब दर वेळी एक कलम आत सरकवतात: ही कंपनी कुणाला विकायची झाली तर तो जो भाव देईल त्या भावाने आधी आम्हाला विचारायचं. वाचायला निरुपद्रवी वाटतं. शेजाऱ्याने जमीन विकताना आधी भाऊबंदांना विचारावं, तसं. पण पाच वर्षांनंतरचं चित्र डोळ्यापुढे आणा. आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीला ही स्टार्टअप घ्यायची आहे. ती चार महिने माणसं लावून सगळी तपासणी करणार, वकिलांना पैसे देणार, भाव ठरवणार. आणि शेवटी आम्ही "बरं, याच भावाला आम्हीच घेतो" म्हणणार. मग ती या फंदात पडेलच कशाला? गिऱ्हाईक येत नाही म्हणून भाव पडतो, आणि भाव पडला की संस्थापकांचं आणि बाकीच्या सगळ्या गुंतवणूकदारांचं नुकसान. म्हणून जाणते गुंतवणूकदार हे कलम दिसलं की फेरीतून उठून जातात. परवा मी ते कलम खोडलं. त्याजागी एवढंच ठेवलं, की विक्रीची बोलणी सुरू झाली तर आम्हाला कळवायचं. लीगलच्या साहेबांना ते आवडलं नाही. त्यांच्या मते मी कुणाच्या बाजूची आहे हेच कळत नाही. खरं सांगायचं तर काही दुपारी मलाही कळत नाही.

चार वाजता गुंतवणुकीचा निर्णय घेणारी कमिटी. टेबलाभोवती फायनान्सचे प्रमुख, आर अँड डी, प्लांट हेड, लीगल आणि आम्ही दोघं. प्लांट हेडना डबी पटलेली. गेल्या पावसाळ्यात त्याच प्रेसच्या बेअरिंगने राम म्हटला तेव्हा लाइन एकतीस तास बंद होती, आणि गिऱ्हाइकाचे फोन त्यांनीच घेतले होते. फायनान्सचे साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "डबी चांगली आहे तर डब्या विकत घ्या. कंपनीचे शेअर कशाला?"

या धंद्यातला याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही. आणि दहापैकी सात वेळा त्याचं खरं उत्तर "बरोबर आहे, नुसत्या डब्या घेऊ" असंच असतं. कॉर्पोरेट व्हेंचरच्या नावाखाली जगभर जो पैसा पाण्यात जातो, त्यातला बराचसा हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून जातो. ज्याचं गिऱ्हाईक व्हायला हवं होतं त्याचा भागधारक होऊन बसतात, पेपरात फोटो येतो, आणि डबी ड्रॉवरमध्येच राहते.

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. थरथर मोजणारं यंत्र कुणीही विकतं. कोणती थरथर म्हणजे बेअरिंग जाणार आणि कोणती म्हणजे नुसता डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बदलला, हे ओळखणं अवघड असतं, आणि ते शिकायला खरे बिघाड लागतात. आमच्याकडे साठ प्रेस आहेत आणि पंधरा वर्षांची ब्रेकडाउन रजिस्टरं. आमच्या बिघाडांवर त्यांची डबी शहाणी होणार. ती शहाणी झाली की आमच्या प्रतिस्पर्ध्यांनाही विकली जाणार, आणि ती तशी विकलीच पाहिजे, नाहीतर कंपनी जगणार नाही. मग आमच्या रजिस्टरांचा मोबदला आम्हाला कुठून मिळणार? शेअरमधून. दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

साहेबांनी मान हलवली, म्हणजे हो असं नाही. आमच्या हो म्हणण्यालाही पुढे मर्यादा आहे. कंपनी कायद्याचं कलम १८६ सांगतं, की असल्या गुंतवणुकीचा ठराव संचालक मंडळाच्या बैठकीतच व्हायला हवा, आणि हजर असलेल्या सगळ्या संचालकांची संमती हवी. बहुमत चालत नाही. एक संचालक आडवा आला की फाइल परत. त्यामुळे बैठकीच्या आधीचा महिना मी एकेकाला गाठून चहा पिण्यात घालवते. स्टार्टअपला वाटतं की आम्ही ढिम्म आहोत. फंड तीन आठवड्यांत करतो ते काम आम्हाला चार महिने लागतं, हे खरंच आहे.

आणि एवढं करूनही उद्याचा भरवसा नाही. चिप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या इंटेलने १९९१ साली सुरू केलेली गुंतवणुकीची शाखा या क्षेत्रात सगळ्यात नावाजलेली. जानेवारी २०२५ मध्ये इंटेलने ती वेगळी काढून स्वतंत्र करायचं जाहीर केलं, आणि एप्रिलमध्ये नव्या सीईओंनी तो बेत रद्द केला. तीन महिन्यांत दोन दिशा. मंदी आली, साहेब बदलला, तर पहिली कात्री आमच्यासारख्या खात्याला लागते. त्यात आम्हाला पगार आणि बोनस असतो, फंडवाल्यांसारखा नफ्यातला वाटा बहुधा नसतो. त्यामुळे हुशार पोरं तीन-चार वर्षांत काम शिकून फंडांत निघून जातात, आणि ज्या स्टार्टअपला शब्द दिला होता तिला नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारतो, "तुमचं यंत्र नेमकं करतं काय?"

साडेपाचला मी पुन्हा प्रेस शॉपमध्ये. डबीला टॅग हवा होता. टॅगला लागतो ॲसेट नंबर, आणि ॲसेट नंबर कंपनीच्या मालकीच्या वस्तूलाच मिळतो. डबी स्टार्टअपची, आमच्याकडे वापरायला दिलेली. म्हणजे टॅग नाही, म्हणजे ऑडिटला पॉइंट, म्हणजे ड्रॉवर. चाळीस मिनिटं स्टोअर आणि सेफ्टी यांच्यात फेऱ्या मारल्यावर स्टोअरच्या जुन्या क्लार्कने वाट काढली. डाय दुरुस्तीला आत-बाहेर जातात तेव्हा जो परतीचा गेटपास बनतो, तो बनवायचा आणि त्याचा नंबर पिवळ्या पत्र्यावर पंच करून डबीला बांधायचा. "वस्तू बाहेरची, परत जाणार. सेफ्टीला एवढंच पाहिजे असतं," ते म्हणाले. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

सुपरवायझरनी बेअरिंगचा भाग फडक्याने पुसला, डबी टेकवली. चुंबकाचा खट्ट आवाज झाला. दुसऱ्या शिफ्टचा प्रेस सुरू झाला आणि पायाखालची जमीन ओळखीची हलायला लागली.

मी गाडीपाशी पोचायच्या आत स्टार्टअपच्या मुलीचा मेसेज आला होता. "मॅडम, तुमच्या प्रेसला अचानक काय झालं? थरथर शून्यावरून एकदम वर गेली आहे. बंद करायला सांगू का?"

मी तिला फोन लावला आणि ड्रॉवरपासून सांगायला सुरुवात केली.